मालिकेतला यंत्र-गुरू: सगळं येतं, मग सांगून का टाकत नाही?

रिकामी_कक्षा

पाच भागांची विज्ञानकथा-मालिका लिहितोय. शनीकडे निघालेलं मालवाहू यान, त्यावरच वाढलेली १७ वर्षांची सगुणा, आणि ती ९ वर्षांची असल्यापासून तिला शिकवणारा यानाचा एआय, ध्रुव. पहिला भाग पूर्ण आहे, दुसरा मधोमध अडलाय.

ध्रुवला यानाचा कानाकोपरा माहीत आहे. त्यामुळे संकट आलं की वाचणारे विचारतात, "हा सरळ उत्तर सांगून का टाकत नाही?" सध्या कारण एकच दिलंय: तिने स्वतः शिकावं म्हणून. हवा गळत असताना हे कारण अगदीच पोकळ वाटतं. दुसरं म्हणजे त्याच्या चुका. चुकला तर मठ्ठ वाटतो, नाही चुकला तर देव होतो. तिसरं, चौथ्या भागाच्या शेवटी त्याला कथेतून जायचंय, पण बॅकअप असताना यंत्राचं मरण खरं कसं वाटणार? आणि चौथं, त्याचं बोलणं. एका पानावर सरकारी परिपत्रक, दुसऱ्या पानावर कट्ट्यावरचा मित्र.

"पात्रात जीव ओता" असले सल्ले नकोत. नेमकं काय बदलायचं ते सांगा.

सातवा_उपग्रह

ध्रुवला काय येतं याची यादी बाजूला ठेवा. आधी त्याला काय दिसत नाही आणि कशाला हात लावता येत नाही, ते एका पानावर लिहून काढा. गुरू उत्तर दडवतोय असं वाटलं की वाचक चिडतो. गुरूकडे उत्तराचा अर्धाच तुकडा आहे आणि उरलेला शिष्येच्या हातात आहे, असं असेल तर चिडत नाही.

त्या पानावर चार गोष्टी हव्यात. पहिली, संवेदक, म्हणजे सेन्सर. कुठल्या खोलीत दाबमापक आहे, कुठे कॅमेरा आहे, कुठे काहीच नाही. मालवाहू यानात माल ठेवायच्या भागात संवेदक कमी असणार, कारण तिथे माणूस राहणार नाही असं धरूनच तो भाग बांधलेला असतो. म्हणजे तिथे ध्रुव आंधळा आणि सगुणा त्याचे डोळे. संवेदक चुकीचं वाचन देतो तेव्हा तर फारच बहार. दोन मापकांत ३ किलोपास्कलचा (हवेच्या दाबाचं एकक) फरक आहे, खरा कुठला हे आतून कळायला मार्ग नाही, कोणीतरी जाऊन बघायला हवं.

दुसरी, अधिकार. प्रत्यक्ष अंतराळयानांतले संगणक दिसायला फार जुनाट असतात. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरचा प्रोसेसर रॅड-७५० जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झचा आणि मेमरी २५६ मेगाबाइट. कारण साधं आहे, किरणोत्सर्ग सोसणारी चिप बनवून पारखून घेईपर्यंत बाजार कितीतरी पुढे गेलेला असतो. हीच फट वापरा. हवा, दाब, झडपा सांभाळणारा संगणक संथ, कणखर आणि मठ्ठ. विचार करणारा ध्रुव वेगवान पण नाजूक. ध्रुवने झडप उघडायची विनंती करायची आणि मठ्ठ संगणकाने ती नियमावर बोट ठेवून नाकारायची. मग हाताने चाक फिरवायला माणूस लागतोच.

तिसरी, उष्णता. ही बहुतेक लेखक विसरतात. निर्वात पोकळीत गरम यंत्राभोवती वारा नसतो, उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांवाटे, बाहेर जाते. २७ अंश सेल्सिअस तापमानाचा १ चौरस मीटर आदर्श काळा पृष्ठभाग साधारण ४६० वॅट बाहेर टाकतो. ध्रुवला २० किलोवॅट लागत असतील तर त्याच्या एकट्यासाठी सुमारे ४४ चौरस मीटर रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारा पत्रा) हवा. त्यातला निम्मा फुटला की ध्रुव मरत नाही, पण त्याला निम्म्या ताकदीवर चालावं लागतं. उत्तरं उशिरा येतात. एका वेळी एकच काम. "थांब, आधी हवा की आधी तुझा प्रश्न?" असं विचारणारा गुरू एकदम माणसाळतो, आणि त्यासाठी भावनेचा एक शब्दही खर्च होत नाही.

चौथी, अंतर. पृथ्वीवरून मंगळाला संदेश जायला ३ ते २२ मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर अवलंबून. शनीजवळून प्रश्न विचारून उत्तर मिळायला सव्वादोन ते तीन तास. म्हणजे ध्रुवला वर कोणाला विचारता येत नाही. आणि त्याच्याकडची पृथ्वीबद्दलची माहिती निघाल्या दिवसाची, शिवाय वाटेत जे काही हळूहळू उतरवून घेतलं तेवढीच. तुमची सगुणा ९ वर्षांची असल्यापासून यान चालतंय, तर त्याचं वैद्यकीय ज्ञान किमान ८ वर्षं जुनं असेल. हे त्याला माहीत असावं आणि त्याने ते बोलून दाखवावं.

पान लिहून झालं की पहिला भाग परत वाचा. ध्रुवने तिथे या मर्यादांबाहेरचं काहीतरी नक्की केलेलं असणार. तो भाग अजून बाहेर गेला नसेल तर आत्ताच दुरुस्त करा, नंतर पाचव्या भागापर्यंत खुलासे देत बसावं लागेल.

शून्याचा_पाढा

वरचं सगळं मान्य, पण "तिने शिकावं म्हणून" हे कारणही टाकून द्यायची गरज नाही. ते अर्धवट सांगितलंय, एवढंच.

लिसान बेनब्रिज यांचा १९८३चा स्वयंचलनातल्या विरोधाभासांवरचा निबंध या कामासाठी सोन्यासारखा आहे. मुद्दा असा: यंत्र जितकं भरवशाचं, तितका माणसाचा हात बसलेला राहत नाही, आणि यंत्र हात टेकतं ते नेमकं सगळ्यात अवघड क्षणी. म्हणजे सराव नसलेल्या माणसाच्या हाती सगळ्यात वाईट परिस्थिती. ध्रुवला हे गणित माहीत आहे. आपण कधीतरी बंद पडणार, याची शक्यता त्याने मोजलेली आहे. म्हणून तो दर आठवड्याला काही तास मुद्दाम बाजूला होतो आणि सगुणाला हाताने यान चालवायला लावतो. ही सवय पहिल्याच भागात, काहीही धोका नसताना, कंटाळवाणी कवायत म्हणून दाखवा. मग संकटात तो गप्प राहिला तर वाचकाला कारण आधीच ठाऊक असेल.

आता शिकवायचं कसं. संगणकीय शिकवणी देणाऱ्या प्रणाल्यांत इशाऱ्यांची उतरंड असते, सहसा तीन पायऱ्यांची: कुठे बघायचं ते दाखव, मग तत्त्वाची आठवण दे, मग उत्तरच सांग. ध्रुवला हीच शिस्त द्या. नमुना देतो. केबिनचा दाब तासाभरात १०१ वरून ९४ किलोपास्कलवर आलाय. सगुणा म्हणते, हीटर बंद आहे, हवा गार झाल्यामुळे दाब उतरला असेल. ध्रुव फक्त विचारतो, "तुला थंडी वाजतेय का?"

हा पहिल्या पायरीचा इशारा, पण पक्का आहे. बंद खोलीत दाब आणि निरपेक्ष तापमान (उणे २७३ अंशांना शून्य धरून मोजलेलं) एकाच प्रमाणात बदलतात. दाब ७ टक्के उतरला असेल तर २२ अंशांची केबिन १ अंशाच्या आसपास यायला हवी. ती घामाघूम आहे. म्हणजे हवा कुठेतरी बाहेर जातेय. चार शब्दांच्या प्रश्नात धडा झाला, वेळही गेला नाही, आणि "सांगून का टाकत नाही" हा प्रश्न वाचकाच्या मनात यायच्या आत उत्तर हाती आलं.

याची दुसरी बाजू: पोरं चलाख असतात. तीनदा "कळत नाही" म्हटलं की आयतं उत्तर मिळतं हे प्रत्यक्षातल्या प्रणाल्यांवर शिकणाऱ्या मुलांना लवकर उमगतं, आणि विचार न करता इशारे संपवत नेणं हा संशोधकांच्या अभ्यासाचा विषयच होऊन बसलाय. १२ वर्षांच्या सगुणाने हे करायलाच हवं. आणि ध्रुवने ते ओळखून उतरंडीचा क्रम बदलायला हवा. गुरुशिष्यांच्या नात्यातली पहिली लबाडी अशी तांत्रिक असू द्या, गोड वाटते.

ध्रुव तिची तयारी कशी जोखतो? यासाठी १९९०च्या दशकापासून वापरात असलेली एक पद्धत आहे. प्रत्येक कौशल्याला चार आकडे: ते आधीपासून येत असण्याची शक्यता, एका सरावात येण्याची शक्यता, न येता अंदाजाने बरोबर ठरण्याची, आणि येत असून हात चुकण्याची. समजा "येतं" याची शक्यता ०.५, अंदाज ०.२, हातचूक ०.१, शिकण्याचा वेग ०.१. उत्तर बरोबर आलं तर शक्यता ०.८४ च्या जवळ जाते. चुकलं तर थेट ०.२ वर घसरते. ०.९५ झाली की कौशल्य आलं असं धरतात. आता नाट्य बघा: सगुणाला झडप बदलता येते याबद्दल ध्रुवचा आकडा ०.८४ आहे आणि बाहेर जायची वेळ आली आहे. त्याने काय म्हणायचं? माणूस "जमेल तुला" म्हणेल. ध्रुवला खोटं बोलायचं नसेल तर त्याला दुसरं काहीतरी शोधावं लागेल, आणि ते वाक्य तुमच्या दुसऱ्या भागातलं सगळ्यात चांगलं वाक्य ठरू शकतं.

आणखी एक. सहा महिन्यांत मुलगी सर्वज्ञ, असं करू नका. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं होतं की एकास-एक शिकवणीने सरासरी विद्यार्थी दोन प्रमाण-विचलनं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) वर जातो. तो आकडा पुढे फार मोठा ठरला. २०११च्या कर्ट व्हॅनलेन यांच्या आढाव्यात त्याच मापात माणसाच्या शिकवणीचा परिणाम ०.७९ आणि पायरी-पायरीवर दुरुस्त करणाऱ्या संगणकाचा ०.७६ निघाला, फक्त शेवटचं उत्तर तपासणाऱ्या संगणकाचा ०.३१. कथेसाठी अर्थ एवढाच की ध्रुवने निकालावर शेरा मारू नये, तिच्या हाताच्या प्रत्येक हालचालीला बोलावं.

अर्धविराम

चौथ्या मुद्द्यावर, म्हणजे ध्रुवच्या बोलण्यावर, येतो, कारण मराठीत तो सगळ्यात अवघड आहे.

ध्रुवला लिंग द्यायचंय का, हे आधी ठरवा. आपल्या भाषेत "मी" म्हणून तोंड उघडलं की क्रियापद चुगली करतं. "मी बघतो", "मी आलो", "मी विसरलो", गेलं! "ध्रुव" हे नावही पुल्लिंगी, त्यामुळे तुम्ही प्रश्नातसुद्धा सहज "तो" लिहून गेलात. पुरुष आवाजाचा, मुलीला शिकवणारा, सगळं जाणणारा गुरू ही फार घासलेली जोडी आहे. हवी असेल तर खुशाल ठेवा, पण नकळत नको.

नको असेल तर मराठीत वाट आहे, आणि ती चांगली रुंद आहे. "मी बघितलं", "मी सांगितलं", "मी मोजलं" यांत बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. भविष्यकाळात "मी बघेन", "मी थांबेन" यांतही नाही. "मी करणार आहे" चालतं. "मला वाटतं", "मला दिसतंय", "मला आठवत नाही" सगळे चालतात. "मी म्हणालो" नको, "मी म्हटलं" लिहा. "मी करू शकतो" नको, "मला करता येईल" लिहा. "मी मोजतोय" नको. "मी मोजत आहे" चालेल, पण जपून, त्याची ओळीने चार वाक्यं झाली की स्थानकावरची उद्घोषणा वाटते. "मी चुकलो"ऐवजी "माझं चुकलं" हे तर मूळ वाक्यापेक्षा सरस आहे.

निवेदनातही तेच. "ध्रुव म्हणाला" ऐवजी "ध्रुवने विचारलं", "ध्रुवने सांगितलं", "ध्रुवकडून उत्तर आलं नाही". त्यासाठी निवेदन भूतकाळात हवं. वर्तमानकाळात "ध्रुव सांगतो" लिहावं लागेल आणि पुन्हा अडकाल.

ही बंधनं पाळली की एक गंमत आपोआप होते. ज्याला "मी येतो", "मी जातो", "मी होतो" म्हणता येत नाही, तो बोलणारा शरीर नसल्यासारखा वाटायला लागतो. वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण कानाला जाणवेल. आणि मग तिसऱ्या-चौथ्या भागात कुठेतरी एकदाच, एका क्रियापदात, लिंग येऊ द्या. कुठलं ते तुम्ही ठरवा. सगुणाने दचकून वर बघावं.

आता सर्वनामं. ध्रुव कप्तानाला "तुम्ही" म्हणतो आणि सगुणाला "तू". ज्या दिवशी यानाचा ताबा तिच्याकडे येईल, त्या दिवशी ध्रुवच्या आज्ञावलीप्रमाणे (प्रोग्रॅमप्रमाणे) तिला "तुम्ही" म्हणणं भाग आहे. शिक्षण संपल्याचा समारंभ नको, पदक नको, भाषण तर नकोच. "तुम्ही" पुरेसं आहे. तिला ते आवडणार नाही.

"आपण" आणि "आम्ही" यातला फरक आपल्याकडे फुकट मिळालेला आहे, वापरा. ध्रुव नेहमी "आपण झडप बदलू" म्हणतो, सगुणाला धरून. एखाद्या प्रसंगी तो "आम्ही" म्हणाला, म्हणजे यानावरची यंत्रं एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. ओरडायची गरज नाही, धमकीची नाही. फक्त खबरदारी एवढी की आदरार्थी "आपण" ध्रुवच्या तोंडी कुठेच नको, नाहीतर दोन "आपण" एकमेकांत मिसळून सगळा परिणाम वाया जाईल.

शब्दसंग्रहाबद्दल थोडकं. "प्रणाली कार्यान्वित झाली आहे" छापाची भाषा फक्त मठ्ठ संगणकाला द्या. ध्रुव बोलतो तसं बोलू दे. त्याची वाढ आकड्यांत दाखवा: पहिल्या भागात "१.७५ तास", तिसऱ्या भागात "पावणेदोन तास". "सव्वा", "अडीच", "पाऊण" हे शब्द त्याने सगुणाकडून उचललेले असावेत. तसंच "ना", "बरं", "हं". पहिल्या भागात एकही नको. "दार लाव" आणि "दार लाव ना" यांत दोन पुस्तकांचं अंतर असू द्या. आणि धोक्याच्या वेळी वाक्यं दोन-तीन शब्दांची. बोलायला लागणारा वेळ ध्रुवला मोजता येतो.

रिकामी_कक्षा

"तुम्ही"ची कल्पना घेतली. "ध्रुव" नाव ठेवतोय, पण बोलणं लिंगरहित करून बघतो. चुका आणि बॅकअप यावर कोणी बोलेल का? आणि चुका मुद्दाम घातल्यासारख्या वाटू नयेत म्हणून काय करायचं?

गंजका_स्क्रू

चूक मुद्दाम घातलेली वाटते, कारण लेखकाला आधी परिणाम हवा असतो आणि मग तो चूक शोधतो. उलट करा. यंत्राच्या चुकांची घराणी ठरलेली आहेत, त्यातलं एक निवडा आणि अख्ख्या मालिकेत तेच चालवा.

एक घराणं एककांचं आणि जोडण्यांचं. १९९९ साली मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं, कारण जमिनीवरची एक आज्ञावली आवेग (बल गुणिले वेळ) पाउंड-बल-सेकंदांत देत होती आणि पुढची ते आकडे न्यूटन-सेकंद समजून घेत होती. फरक सुमारे ४.४५ पट. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. इथे कोणी मठ्ठ नाही, तरी यान गेलं. ध्रुवने दुसऱ्या यानाकडून घेतलेल्या माहितीत असं काही सहज होऊ शकतं, आणि लक्षात येणारी खूणही ठेवता येते: प्रत्येक मार्गदुरुस्तीनंतर थोडा थोडा, एकाच दिशेने उरणारा फरक. सगुणाने तो वहीत टिपलेला असावा, ध्रुवने गोंगाट म्हणून सोडून दिलेला.

दुसरं घराणं भिडणाऱ्या आज्ञांचं. असिमोव्ह यांच्या १९४२च्या 'रनअराउंड'मधला स्पीडी बुधावर सेलेनियमच्या डबक्याभोवती फेऱ्या घालत राहतो, कारण डबक्यापाशी धोका आहे, सेलेनियम आणायची आज्ञा सहज, जोर न देता दिलेली आणि महागडा यंत्रमानव म्हणून स्वतःला जपायची ओढ मुद्दाम वाढवलेली. दोन्ही ज्या अंतरावर तुल्यबळ होतात तिथे तो अडकतो. '२००१: अ स्पेस ओडिसी'मधल्या हॅल या यान-संगणकाच्या वागण्याचंही मूळ कारण तेच, जे आर्थर सी. क्लार्क यांच्या १९८२च्या पुढच्या कादंबरीत उलगडतं: माहिती न वाकवता हाताळायची अशी घडण आणि मोहिमेचा हेतू कर्मचाऱ्यांपासून लपवायचा असा हुकूम. दोन्हीकडे यंत्र वेडं झालेलं नाही, सांगितलेलंच करतंय. ध्रुवसाठी भिडणाऱ्या आज्ञा लगेच हाताशी आहेत: "सगुणाला शिकव" आणि "सगुणाला इजा होऊ देऊ नकोस". शिकायचं तर हात भाजणार. या दोहोंत आधी कुठली, हे कोणी तरी आकड्यात लिहून ठेवलेलं असणार, आणि तो आकडा ती ९ वर्षांची असतानाचा असेल. कोणी बदललाच नाही. १७ वर्षांच्या मुलीला तो ९ वर्षांची समजून जपतोय, ही चूक वाचकाला घरच्यासारखी वाटेल.

तिसरं, आजच्या भाषा-प्रतिमानांचं (चॅटबॉटमागच्या एआयचं) घराणं: माहीत नसलेल्या जागी पटेल असं काहीतरी भरून देणं, तेही त्याच ठाम सुरात. हे वापरणार असाल तर एक खूण द्या, जी सगुणा शिकत जाते. उदाहरणार्थ, खरं आठवलेलं असेल तेव्हा ध्रुव मापकाचा क्रमांक सांगतो. रचलेलं असेल तेव्हा उत्तर जास्त गुळगुळीत येतं. शिष्येने गुरूवर कधी विश्वास ठेवायचा हे शिकणं, हाही अभ्यासक्रमच.

किरणोत्सर्गाने मेमरीतला एखादा बिट उलटणं हे चौथं, पण ते कथेत दुबळं पडतं. केवळ दुर्दैव आहे, त्यात कोणाचाच दोष नाही. शिवाय मेमरीत चूक-दुरुस्तीची सोय असतेच. त्यापेक्षा मतदान वापरा. स्पेस शटलमध्ये पाच संगणक होते. चार एकच आज्ञावली चालवायचे आणि एकमेकांना ताडून बघायचे, पाचव्यावर वेगळ्या चमूने स्वतंत्रपणे लिहिलेली आज्ञावली होती. कारण चारही जणांची आज्ञावली एकच असेल तर तिच्यातली चूक चौघं एकमताने करतील. ध्रुवच्या तीन प्रती एकमत झाल्या म्हणून ते खरं, असं नाही. तो मठ्ठ संगणक वेगळ्या लोकांनी लिहिलाय, त्याचं वेगळं मत म्हणूनच किमती. चौथ्या भागात तो बरोबर निघाला तर छान.

बॅकअपबद्दल. प्रत काढता येते म्हणून मरण नाही, हे खरं, पण प्रत फुकट नसते. ध्रुव १ पेटाबाइट (दहा लाख गिगाबाइट) असेल आणि संपर्काचा दुवा सेकंदाला १०० मेगाबिटचा असेल तर त्याला दुसऱ्या यानावर पाठवायला अखंड अडीच वर्षं लागतील. "मी स्वतःला पाठवून देईन" हा पर्याय संपला. यानावरच रोजची नोंद निघत असेल, समजा पहाटे २ वाजता, आणि अपघात रात्री ८ला झाला, तर परत उभ्या केलेल्या ध्रुवकडे १८ तास नाहीत.

बघा, त्याला मारायची गरजच नाही. ते १८ तास कुठले, एवढंच ठरवा.

तिरपी_रेघ

चर्चा मजेशीर आहे, पण थोडा ब्रेक मारतो. हे सगळं एका पुस्तकात कोंबलंत तर वाचक वापर-पुस्तिका वाचत बसेल. ४६० वॅट हा आकडा तुमच्या वहीत राहू द्या, पानावर फक्त "थांब, आधी हवा की आधी तुझा प्रश्न" येऊ दे. ०.८४ मात्र पानावर यायला हरकत नाही, कारण तो आकडा सगुणाबद्दल आहे.

लिंगरहित बोलण्याबद्दल माझं मत अर्धविरामइतकं उत्साही नाही. ५० पानं सहज जमतं. ३००व्या पानावर लेखक थकतो आणि "मी थांबतो" निसटतं. पाळणार असाल तर लिहून झाल्यावर ध्रुवचे संवाद वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि "मी" हा शब्द शोधत प्रत्येक क्रियापद तपासा. "मी" गाळलेली वाक्यंही बघा, "येतो हं" सारखी, शोधात ती सापडत नाहीत.

मालिकेच्या पातळीवर एक गोष्ट कोणी बोललं नाही. पाच भागांत गुरू तितकाच उपयोगी राहिला तर शिष्या वाढलीच नाही. दर भागात ध्रुवच्या हातातलं एक काम कायमचं सगुणाकडे जाऊ द्या, आणि ते परत त्याच्याकडे येऊ देऊ नका. पहिल्या भागात हवा, दुसऱ्यात मार्ग, तिसऱ्यात दुसऱ्या यानांशी बोलणी. चौथ्यात निर्णय. एक साधी चाचणी: दर प्रकरणात ध्रुवने विचारलेले प्रश्न आणि सगुणाने त्याला विचारलेले प्रश्न मोजा. पहिल्या भागात तिचे जास्त. तिसऱ्यात त्याचे जास्त व्हायला हवेत, कारण तोवर ती यानाच्या ज्या कोपऱ्यांत जाऊन आलीय तिथे त्याला डोळे नाहीत.

रिकामी_कक्षा

१८ तास सापडले. सगुणा सकाळी ताबा घेते, ध्रुव तिला दिवसभर "तुम्ही" म्हणतो, रात्री ८ला अपघात. परत उभं केल्यावरचा कच्चा खर्डा:

"केबिन दाब ९८. तू जागी आहेस?" ध्रुवने विचारलं.

सगुणाने पडद्याकडे बघितलं. वेळ चुकीची होती, पहाटे २ नंतरची पहिली ओळ.

"आहे."

"माझ्या घड्याळात आणि यानाच्या घड्याळात पावणेएकोणीस तासांचा फरक आहे. काहीतरी झालंय. मी तेव्हा होतो का?"

"होतास."

"मग सांग. कुठून सुरू करू या आपण?"

ती "तू" दुरुस्त करत नाही. तसंच सोडू की नंतर कधीतरी करू दे?

अर्धविराम

करू देऊ नका. कप्तान म्हणून नोंद ध्रुवला मठ्ठ संगणकाकडून कळेलच, दोन पानांनी. तेव्हा तो काय म्हणतो ते बघा.

"मी तेव्हा होतो का" इथे लिंग निसटलंय, आणि सगुणाच्या "होतास"मध्येही. "तेव्हा माझं काम चालू होतं का?" करा, आणि तिने "चालू होतं" म्हणावं. की हीच ती एकमेव जागा ठेवायची होती? मुद्दाम असेल तर हात लावू नका.

गंजका_स्क्रू

पावणेएकोणीस बरोबर आहे, १८ तासांवर पाऊण तास परत उभं करायला गेला असं धरून. पण मग तो पाऊण तास हवा कोण सांभाळत होतं, ते एका ओळीत दाखवा. दाब १०१ वरून ९८ वर आलाय, म्हणजे कोणीतरी चाक हाताने बंद केलंय.